गॉबनेटचा नवा नवरा

आमच्या शेजारची गॉबनेट लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला बसलेली पाहिली नव्हती. जळणासाठी दलदलीतली माती तीच कापायची, पाठीवरून तीच आणायची, बटाटे तीच खणायची. नवरा मर्टी चुलीशी बसून विचारणार, "मीठ कुठंय?" मीठ त्याच्या कोपरापाशीच असायचं. ती कपाळावर हात मारायची आणि पुढे सरकवायची.

एकदा हा मर्टी गुत्त्यातून येताना टेकडीवरच्या काटेरी झाडाखाली लवंडला. ती जागा भल्या माणसांची, टेकडीच्या पोटात राहणाऱ्या त्या अदृश्य लोकांची. त्यांचं खरं नाव आम्ही घेत नाही, त्यांना राग येतो. शहाणा माणूस तिथं शेळीसुद्धा बांधत नाही. आणि हा घोरत पडला! सकाळी घरी आला तो थेट भांडी घासायला बसला.

भांडी! मी कुंपणावरून या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यानं गाईची धार काढली. दुसऱ्या दिवशी गॉबनेट रडत माझ्याकडे आली.

"अगं, त्यांनी माझा माणूस पळवला! बदल्यात त्याच्यासारखा दिसणारा हा भलताच ठेवलाय!"

"कशावरून?"

"मला म्हणाला, 'दमली असशील, बस जरा.'"

माझ्याच अंगावर काटा आला. मी तिला हॅनोरा सुईणीकडे नेलं. हॅनोराला भल्या माणसांबद्दल सगळं ठाऊक असतं, आणि जे ठाऊक नसतं तेही ती सांगते.

"त्याच्यासमोर अंड्याच्या टरफलांत बिअर उकळ," ती म्हणाली. "त्या लोकांनी जग बघितलंय, पण हे नाही. 'उभ्या जन्मात असलं पाहिलं नाही,' असं तो बोलला की त्याचं सोंग संपलं. धुराड्यातून पळतो, आणि तुझा मर्टी दारात हजर!"

"पहिला?" गॉबनेटनं विचारलं.

"अगदी जसाच्या तसा!"

परतताना गॉबनेट दोनदा वाट चुकली.

रविवारी प्रार्थना आटोपून अर्धा गाव तिच्या स्वयंपाकघरात. हॅनोरा त्याला डागायला तापलेला चिमटा घेऊन दबा धरून. धुराड्यात वारा कण्हत होता, कुत्रं पलंगाखाली शिरलं होतं. गॉबनेटनं विस्तवावर टरफलं मांडली आणि चमच्याचमच्यानं भरली. मर्टी बटाटे सोलत होता, ते बघूनच दोघी-तिघींनी छातीवर क्रूस काढला.

त्यानं सुरी ठेवली. वाकून टरफलांत पाहिलं. डोळे विस्फारले.

"आयला! उभ्या जन्मात मी असलं—"

गॉबनेटनं पातेल्यातला अख्खा बटाटा त्याच्या तोंडात कोंबला.

"अगं, बोलू दे की त्याला!" हॅनोरा किंचाळली.

"आमच्यात घास तोंडात असताना बोलत नाहीत," गॉबनेट म्हणाली. "आणि तुम्ही सगळे निघा. आम्हाला जेवायचंय."

पळी उगारून तिनं आम्हाला हाकललं, चिमट्यासकट. मग दार लावून आतून कडी घातली. आमच्या गावात दिवसा कुणी दारसुद्धा लोटत नाही, म्हणून मी खिडकीशी गेले.

"अगं, दिवसाढवळ्या कडी कशाला?"

"हळू बोल," ती आतून कुजबुजली. "मर्टी परत आला तर!"