आकुर्डीच्या मशीनचे मेल

हे लिहू की नको यातच बरेच दिवस गेले. ऑफिसात कुणी भुताखेताचं बोलायला लागलं की मी कानात हेडफोन घालणारा माणूस. अजूनही विश्वास बसलाय असं नाही... पण झालं ते झालं, आणि ते मनात ठेवून थकलोय.

मी मारुंजीत भाड्याने राहतो, नोकरी हिंजवडीत. उरलेल्या वेळात — जो खरं तर उरतच नाही — एका ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या, ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बिनपगारी काम करतो. हा नाद लावला माझ्या मित्राने, महेशने. त्या सिस्टीममध्ये हजारो पॅकेजेस, म्हणजे छोटे-मोठे प्रोग्रॅम, असतात. एखाद्यात कुणी बदल केला की ते पहिल्यापासून बिल्ड करून, म्हणजे नव्याने तयार करून, त्याच्या टेस्ट चालवाव्या लागतात. हे काम ठिकठिकाणच्या स्वयंसेवकांचे कॉम्प्युटर, आमच्या भाषेत मशिन्स, आपोआप करतात, आणि टेस्ट फेल झाली की मेल येतो. असंच एक मशीन महेशने आकुर्डी गावठाणातल्या घरी, हॉलच्या कोपऱ्यात ठेवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी चाकणच्या रस्त्यावर अपघात झाला आणि महेश गेला. आई आधीच गेलेली. घरात उरले एकटे काका, त्याचे वडील. मी मशीन न्यायला गेलो तेव्हा म्हणाले, "असू दे संदीप. पंखा फिरतो त्याचा, घरात कुणीतरी हाय असं वाटतं."

मग ते सांभाळायचं माझ्याकडे आलं. लाइट जाऊन मशीन अडकलं की निघा मारुंजीहून आकुर्डीला, त्या ट्रॅफिकमधून. आठवडाभर ऑफिस करून रविवारी हे पण... जिवावर यायचं.

त्या रविवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो. मेल आला — आकुर्डीचं मशीन, टेस्ट फेल. पॅकेज मराठी शुद्धलेखन तपासायचं, महेशनेच बनवलेलं. त्याला तर कित्येक महिन्यांत कुणी हात लावला नव्हता. फोन उलटा ठेवला. परत मेल आला. परत आला. घरूनच मशीनवर लॉगिन करायला गेलो तर लागेचना. म्हणजे मशीन लागत नाही आणि मेल मात्र येतायत. नेट गंडलं असेल म्हणून काकांना फोन केला, तर नुसती रिंग. पुन्हा लावला, तेच. शेवटी वैतागून बाइक काढली.

बेल वाजवली, कुणी आलं नाही. शेजारच्या कमलमावशींकडे एक किल्ली असते, त्यांनी येऊन दार उघडलं. काका स्वयंपाकघरात फरशीवर पडलेले, सगळं अंग घामाने भिजलेलं, हाकेला ओ नाही. आम्ही दोघांनी कसंबसं रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. इन्सुलिन घेतलं होतं आणि जेवायचं राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले, शुगर फार खाली गेली होती, आणखी उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं.

संध्याकाळी काकांचे कपडे घ्यायला घरी गेलो. कोपऱ्यातलं मशीन बंद होतं. अडकलेलं नाही — त्याची पिनच काढून ठेवलेली, आणि त्या सॉकेटमध्ये इस्त्रीची पिन.

दुसऱ्या दिवशी काका बोलते झाले. मशीन कधी बंद केलं म्हणून विचारलं.

"शनिवारी सकाळी. लग्नाला जायचं हुतं, कापडं इस्त्री करत हुतो. परत लावायचं राहूनच गेलं."

"काका, काल दुपारी त्याच मशीनचे मेल आले म्हणून मी आलो."

त्यांनी चादर अंगावर ओढून घेतली. मग म्हणाले, "काय लिहिलं हुतं त्यात?"

"काही नाही. टेस्ट फेल झाली, एवढंच."

"बरं," म्हणाले आणि कूस बदलली.

नंतर मशीन चालू करून सगळं तपासलं. शनिवारी सकाळनंतर त्यावर काहीही चाललेलं नाही. सगळ्या मशिन्सचे निकाल जिथे जमा होतात आणि जिथून मेल निघतात, तो सर्व्हर प्रोजेक्टमधल्या एका जर्मन बाईंनी पाहिला. त्या म्हणाल्या, निकाल रविवारी दुपारीच आलेत, आणि त्यांच्यावर आकुर्डीच्या मशीनचीच डिजिटल सही आहे. ती सही ज्या गुप्त डिजिटल किल्लीने होते, ती त्या मशीनच्या बाहेर कुठेच नाही. कुणी हॅक केलं म्हणावं, तर शुद्धलेखनाचं पॅकेज फेल करून कुणाला काय मिळणार? तेच पॅकेज मी पुन्हा पुन्हा बिल्ड केलं. दर वेळी पास.

ज्या मशीनचे निकाल कुठून आले हे सांगता येत नाही, त्यावर विसंबता येत नाही. म्हणून प्रोजेक्टने ते आपल्या यादीतून काढून टाकलं. बरोबरच आहे, मीही तेच केलं असतं. काकांना सांगितलं, आता याला काही काम येणार नाही. त्यांनी विचारलं, "काम नसलं तरी चालू ऱ्हातंय न्हवं?" राहतं, म्हटलं.

उत्तर मिळालेलं नाही, आणि शोधायचं त्राणही आता माझ्यात उरलेलं नाही. रविवारी आकुर्डीला जातो मात्र, कुठलाही मेल न येता. मी ताटं वाढून घेतो, मग काका इन्सुलिन घेतात, आणि आम्ही दोघं जेवायला बसतो.