एचडीआर चालू करू नये

आमच्या पप्पांची सगळी नोकरी कंपनीच्या मेंटेनन्स खात्यात गेली. तिथे एक नियम असतो. मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचवर लाल पाटी टांगायची, "काम चालू आहे, स्विच चालू करू नये", आणि ज्याने टांगली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो मॅनेजर का असेना. पप्पा रिटायर झाले, पण पाटी काही रिटायर झाली नाही. देहूरोडच्या आमच्या घरात ज्याला म्हणून वायर आहे, त्या प्रत्येक वस्तूला कधी ना कधी ही पाटी लागलेली आहे. एकदा आईने वैतागून गुलाबजामच्या डब्याला पाटी अडकवली होती, तर पप्पांनी नियम म्हणजे नियम म्हणून डब्याला बोट लावलं नाही. शेजाऱ्यांकडे मात्र जाऊन गुलाबजाम खाऊन आले.

हे सांगायचं कारण, या माणसाने एक दिवस टीव्हीतल्या एचडीआर नावाच्या सेटिंगलाच पाटी लावली. म्हणजे टीव्ही चालू, आवाज चालू, मालिका चालू, फक्त एचडीआर बंद. रिमोटला लाल टेप गुंडाळून त्यावर पेनाने लिहिलेलं, "एचडीआर चालू करू नये." खाली सहीसुद्धा! आता बोला.

पण त्याआधी माझ्या लग्नाचं सांगायला हवं, कारण सगळं भांडण तिथून सुरू झालं.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत स्टोअरला आहे. नवरा शेजारच्याच कंपनीत, गाड्यांच्या पेंट शॉपला, क्वालिटीमध्ये. तो मूळचा लातूरकडचा, राहायला कासारवाडीत. लग्न आमच्या बौद्ध पद्धतीने झालं, म्हणजे मी पांढऱ्या साडीत, तो पांढऱ्या कुर्त्यात, मावश्या-आत्या पांढऱ्यात, आणि पुरुषांना निळे फेटे. दिसायला फार छान. वंदना झाली, हार घातले, जेवणं झाली आणि पाठवणीची वेळ आली.

पाठवणीला कोण रडलं नाही? आई रडली. मावशी रडली. ज्या काकूंशी आमचं पार्किंगवरून वर्षानुवर्षं वाजत आलंय, त्यासुद्धा माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडता रडता "तुमची गाडी जरा पुढं घ्यायला सांग गं" म्हणाल्या. पप्पा मात्र कुठेच नाहीत. मी इकडे बघते, तिकडे बघते, मागे वळून बघते. आहेत कुठे हे? शेवटी बाहेर आले तर पप्पा आमच्याकडे पाठ करून रस्त्यात उभे, आणि आमची गाडी रिव्हर्स घेतायत. "येऊ दे, येऊ दे, डावीकडं मार, अजून, अजून, बास!" लेकीची पाठवणी चाललीय आणि बाप गाडी रिव्हर्स घेतोय. मी पाया पडले तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि काय म्हणाले असतील? "कासारवाडीच तर हाय. लोकलचा पास काढ."

खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. देहूरोड ते कासारवाडी अर्धा तासही लागत नाही, मान्य. पण म्हणून काय? एकुलती एक लेक आहे मी. नवऱ्याला मी त्याच रात्री सांगितलं, "त्यांना काही वाटलंच नाही रे." तो बिचारा "तसं नसतं गं" म्हणाला, पण त्यालाही पटवून देता येईना. मग मी लग्नाच्या फोटोंत आणि व्हिडिओत पप्पांना शोधायला लागले. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की मी आईच्या गळ्यात पडून रडत होते तेव्हा हा माणूस होता कुठे.

फोटोग्राफरच्या फिल्ममध्ये काही सापडलं नाही. त्यात ड्रोनने वरून काढलेले फेटेच फेटे, आणि पप्पा दिसतात ते फक्त पंगतीत, "अजून एक जिलेबी घ्या की राव" करताना. पाठवणीवर त्याने एक रडकं गाणं टाकून सगळं स्लो मोशनमध्ये धुरकट करून ठेवलेलं. पण माझ्या दिराने त्याच्या नव्या फोनवर सगळी पाठवणी काढली होती, न कापता, एका दमात. आमच्या कासारवाडीच्या जुन्या टीव्हीवर ती लावली तर काय दिसावं? माझी साडी, आईची साडी, मावशीची साडी मिळून एक पांढरा गोळा. त्या गोळ्यातून अधूनमधून हुंदके येतात. आणि मागे जेवणाच्या हॉलचं दार होतं, तिथे नुसता काळा ठिक्कर अंधार. माझंच लग्न आणि मीच दिसेना.

नवरा म्हणाला, "हा व्हिडिओ एचडीआरमध्ये काढलाय. आपला टीव्ही त्याला पुरणार नाही. पप्पांच्या नव्या टीव्हीवर बघू."

पप्पांनी रिटायरमेंटनंतर टीव्ही घेतला होता तो भला मोठा. इतका मोठा, की तो बसावा म्हणून कपाट आतल्या खोलीत न्यावं लागलं आणि आता आतल्या खोलीत जायला आडवं व्हावं लागतं. रविवारी आम्ही पेनड्राइव्ह घेऊन गेलो. लावला. कोपऱ्यात एचडीआर अशी अक्षरं आली आणि गेली, आणि आई गं! माझ्या पदराची किनार दिसायला लागली. एकेक चुणी दिसत होती. आई म्हणाली, "बघ, तरी मी म्हणत होते इस्त्री कर परत." मी आपली साडी बघण्यात दंग. नवरा स्वतःचा फेटा वाकडा होता का ते बघतोय. पाठवणी सुरू झाली आणि पप्पा एकदम शॉक बसल्यासारखे उठले.

"बंद कर! बंद कर आधी!"

"काय झालं?"

"ते एचडीआर आलंय. पॅनल जळंल!"

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. एचडी म्हणजे हेवी ड्यूटी. कंपनीत मोटरवर, केबलवर, कुलपावर, सगळीकडे एचडी म्हणजे हेवी ड्यूटीच असतं. आणि आर म्हणजे रनिंग. हेवी ड्यूटी रनिंग. म्हणजे टीव्ही ताकदीबाहेर पळतोय, ओव्हरटाइम करतोय. "घरातल्या टीव्हीला तसलं सोसत न्हाई. मेन्यूत जाऊन बंद ठेवायचं." आणि ठेवलंही. एवढ्या आत्मविश्वासाने सांगत होते, की क्षणभर माझा नवराही मान हलवायला लागला. मी त्याला चिमटा काढला.

पुढच्या रविवारी गेलो तर रिमोटला लाल टेप. मी मेन्यूत जाऊन एचडीआर चालू केलं, चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, परत येते तर बंद. आमचं हे असं कितीतरी रविवार चाललं. मी चालू करायची, ते बंद करायचे. वर त्यांनी चित्र 'व्हिव्हिड'वर टाकून ठेवलेलं. त्यात बातम्या देणारी बाईसुद्धा नुकतीच हळद लागल्यासारखी पिवळीधमक दिसायची. पप्पा म्हणायचे, "बघ कसं फ्रेश दिसतंय." डोंबल फ्रेश!

एकदा नवऱ्याने नीट बसून सांगायचा प्रयत्न केला. "पप्पा, एचडीआरचा हेवी ड्यूटीशी काही संबंध नाही. त्याने उजेडातलंही नीट दिसतं आणि अंधारातलंही. बंद केलं की पांढरं ते सगळं एकच पांढरं, आणि काळं ते सगळं एकच काळं."

पप्पा म्हणाले, "अंधारातलं कशाला बघायचंय पण?"

क्वालिटीतला माणूस, दिवसभर गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे हुडकणारा, तो सासऱ्यापुढे चहातली साय हुडकायला लागला. मी मात्र पेटले. म्हटलं, "मला बघायचंय. माझं लग्न आहे ते, पूर्ण बघायचंय." पप्पा उठले. रिमोट बनियनच्या आत घालून बाल्कनीत जाऊन बसले. रिटायर झालेला माणूस, नातवंडं खेळवायच्या वयाचा, रिमोट पोटाशी धरून बसलाय! आई म्हणाली, "नाद सोड गं त्यांचा." पण मी त्यांचीच लेक. नाद सोडला तर मग काय राहिलं?

त्यानंतरच्या एका रविवारी जावयासाठी मटण आणायला पप्पा बाहेर पडले. रविवारी मटणाच्या दुकानात कशी गर्दी असते ते काही सांगायला नको. जाताना रिमोट कुठे ठेवला होता ठाऊक आहे? तांदळाच्या डब्यात. आईला ठाऊक होतं. तिने मला नुसतं डोळ्याने दाखवलं आणि मग स्वतःच घाबरली. "अगं, पण टेप त्यांनी लावलीय. त्यांनीच काढायची असते."

"तो नियम कंपनीत, आई," मी म्हटलं आणि टेप टर्रकन ओढली. रिमोटच्या बटणांत तांदूळ अडकलेले ते नवऱ्याने काडीने काढले.

मग आम्ही कामाला लागलो. आधी मेन्यूत एचडीआर 'बंद'वरून 'ऑटो'वर नेलं. पाठवणी लावली. चित्र आलं, पण पहिल्या दिवशीसारखं नाही, काळपट, जणू हॉलची लाइट गेलीय. आई म्हणाली, "बघ, जळलं." नवरा म्हणाला, "थांबा आई, याच्याही सेटिंग पप्पांनी हलवून ठेवल्यात." त्याने ते पिवळं व्हिव्हिड काढलं, सिनेमा लावलं, मग टोन मॅपिंग म्हणून काहीतरी चालू केलं. ते नाव ऐकून आई म्हणाली, आवाज नको वाढवू, शेजारी झोपलेत. शेवटी त्याने अंधार थोडा थोडा उघडत नेला, एकेक टिचकी. माझी साडी जागच्या जागी राहिली, किनारीसकट. आणि मागचा काळा ठिक्कर उजळत गेला.

आधी दाराची चौकट दिसली. मग पाण्याचे जार. मग एक खुर्ची, तिच्यावरचं सॅटिनचं कव्हर ओरबाडून काढलेलं. आणि त्या खुर्चीमागे, भिंतीला टेकून, निळ्या फेट्यातले माझे पप्पा. ते खुर्चीचं कव्हर दोन्ही हातांनी तोंडात कोंबून रडत होते. असे तसे नाही, खांदे गदागदा हलत होते. मध्येच कव्हर बाजूला करून आमच्याकडे बघायचे, मी आईच्या गळ्यात पडलेली दिसायची, की परत तोंडात कव्हर. एकदा तर त्या कव्हरच्या गुलाबी बोमध्ये चांगलं जोरात नाक शिंकरलं. मग फेटा नीट केला, कव्हर घडी घालून कोटाच्या आत सरकवलं, छाती पुढे काढली आणि बाजूच्या दाराने बाहेर गेले. गाडी रिव्हर्स घ्यायला.

आई म्हणाली, "तरीच हॉलवाला एक कव्हर कमी भरतंय म्हणून बोंबलत होता." आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मी तेवढाच तुकडा परत लावला. परत लावला. म्हणजे पहिल्या दिवशी शॉक बसल्यासारखे उठले, ते पॅनलसाठी नव्हतं तर. या माणसाला एचडीआर म्हणजे काय ते आमच्या सगळ्यांपेक्षा आधी कळलं होतं.

दार कधी उघडलं ते कळलंच नाही. पप्पा पिशवी हातात धरून उभे. टीव्हीवर ते स्वतः, केवढे तरी मोठे, गुलाबी बोमध्ये नाक शिंकरताना.

"तो मी न्हाई," पप्पा म्हणाले.

"मग कोण आहे?"

"केटररचा माणूस असंल."

"केटररच्या माणसाला तुमचा कोट कुणी घातला पप्पा?"

पप्पांनी पिशवी आईच्या हातात दिली. "लई गर्दी होती दुकानात," म्हणाले. मग येऊन माझ्याशेजारी टेकले, अगदी कडेला. टीव्हीकडे बघेनात, जावयाकडे तर मुळीच नाही. जावई शहाणा, तो रिमोटमध्ये अजून तांदूळ आहेत का ते बघत बसला.

मी ठरवलं होतं की चिडवायचं, चांगलं वर्षभर पुरेल एवढं चिडवायचं. पण तोंडातून भलतंच निघालं. "पप्पा, मी किती वेळा मागं वळून बघितलं. मला वाटलं, मी गेले त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही."

पप्पा माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी अगदीच अडाण्यासारखं बोलले होते.

"येडी का काय तू? मी समोर आलो असतो तर तुला गाडीत बसू दिलं असतं व्हय? ह्या पाहुण्यांला एकट्यालाच जावं लागलं असतं कासारवाडीला."