ॲशबींची भावकी

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच म्हणा, कारण शारजातल्या माझ्या फ्लॅटमध्ये ऐकायला आहे कोण? मुलीच्या कॉलेजसाठी बायको तिला घेऊन पुण्याला गेली, तेव्हापासून मी फ्रिजशी बोलतो.

तर आमच्या दुबईच्या ऑफिसात टॉम ॲशबी नावाचा एक इंग्रज आहे. दुपारी तो एकटा सँडविच खायचा, मी एकटा डबा. मग आम्ही एकाच टेबलावर बसायला लागलो. दिवसभरात माणसाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच. आता मी पडलो देवरुखकर. समोरच्याच्या आडनावावरून गाव काढल्याशिवाय आम्हाला घास उतरतो का?

"तुम्ही कुठले?"

"लंडन."

"ते झालं हो. मूळचे?"

बिचारा विचारात पडला. आजोबांपलीकडे त्याला काही ठाऊकच नाही!

घरी येऊन मी इंटरनेट पालथं घातलं. ॲश हे झाड, आणि 'बी' म्हणजे जुन्या भाषेत गाव. म्हणजे आपलं पिंपळगावच की! पिंपळगावांसारखीच ॲशबी गावंही इंग्लंडात ठिकठिकाणी. आडनावाची माणसं तर पार अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत पांगलेली. मला भरूनच आलं. एवढी मोठी भावकी, आणि हा इथे कोरडं सँडविच चावतोय!

आणि पुढच्याच आठवड्यात एका क्लायंटच्या मीटिंगमध्ये हातात कार्ड पडलं. हेलन ॲशबी! परक्या मुलखात एका आडनावाची दोन माणसं म्हणजे भाऊबंदच, नाही का? मग मी थांबतोय होय! इथल्या अरबी थाटात, "यल्ला, चला, शनिवारी चहाला या!" दोघांनाही वेगवेगळं आमंत्रण. एकमेकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. सोफ्यावरचे कपडे उचलले, कांदेपोहे केले, वर खोबरं, कोथिंबीर. कित्येक महिन्यांनी पाहुण्यांचे कप बाहेर आले.

टॉम आधी आला. मग बेल वाजली. मी दार उघडलं आणि हात पसरून जाहीर केलं, "टॉम, ही बघा तुमच्या भावकीतली!"

"हॅलो, टॉम."

"हॅलो, हेलन."

"ओळखता?" मी टाळीच वाजवली. "म्हटलं नव्हतं? घरचीच माणसं निघाली!"

"होतो घरची," टॉम म्हणाला. "मग घटस्फोट झाला."

मी पटकन पोह्यांचा डाव हातात घेतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो, "मग... आडनाव?"

"त्या लग्नात तेवढंच चांगलं मिळालं होतं," हेलन म्हणाली. "ते ठेवून घेतलं."

आणि टॉम खो खो हसला हो! मग तीही. दोघांनी मला हसत हसत पोहे दोनदा घेतले आणि दुबईच्या ट्रॅफिकचं निमित्त सांगून एकाच गाडीतून गेले.

सोमवारपासून टॉम दुपारी बाहेर जेवतो. कुणाबरोबर, ते मी विचारत नाही. टेबलावर पुन्हा मी आणि माझा डबा. फार एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू!

परवा बायकोला फोनवर हा सगळा पराक्रम ऐकवला. हसून हसून तिला ठसका लागला. मग म्हणाली,

"अहो, पुण्यातसुद्धा दोन देवरुखकर राहतात. एक मी, एक तुमची लेक. रजा सारखी पुढे ढकलताय. आमच्याकडे कधी येताय चहाला?"

"हॅलो? हॅलो? आवाज तुटतोय गं," मी म्हणालो.

लाइन अगदी स्वच्छ होती हो. मलाच बोलवेना.