बिराजदार सरांना खोडून काढायचं होतं

हसू नका म्हटलं की तुम्ही जास्त हसणार, तेव्हा आधीच सांगतो, खुशाल हसा. लोक इंग्रजीच्या परीक्षेत इंग्रजी येत नाही म्हणून नापास होतात. मी इंग्रजी येत असून नापास झालो! कशापायी? संस्कारापायी. खोटं वाटतंय ना? चहा घ्या, सांगतो.

मी उमरीचा. नायगावच्या एका शाळेत गणित शिकवतो. बायको बँकेत हाय. दोन वर्षांमागं तिची बदली पुण्याला झाली आणि लेकीला घेऊन ती तिकडं गेली. मी महिन्यातून दोनदा ट्रॅव्हल्सनं अंग मोडून घेत जायचो. दारात पाऊल टाकलं की लेक विचारायची, "बाबा, परत कधी जाणार?" बघा म्हणजे! आल्या आल्या जायचं विचारायची पोरगी. लई लागायचं हो मनाला.

अशात पुण्याच्या एका शाळेत गणिताची जागा निघाली. मुलाखत दिली, पसंत पडलो. अट एकच होती. इंग्रजी बोलण्याची ती वरच्या पातळीची परीक्षा असते ना, ती पास व्हायची. मी नांदेडला क्लास लावला.

क्लासच्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "परीक्षेत दोन उमेदवार जोडीनं बसवतात. आपसात चर्चा करायची. नुसती मान डोलवली की मार्क गेले! समोरच्याचं म्हणणं गोड शब्दांत खोडून काढायचं. 'आय सी युअर पॉइंट, बट...' एवढं घोटून घ्या."

मग काय, घोटलं! सकाळी आबा न्याहारी करताना म्हणाले, "यंदा सोयाबीन कमी करू, तूर वाढवू."

"आबा, आय सी युअर पॉइंट, बट..."

आबांनी हातातला घास तसाच ठेवला. आईला म्हणाले, "अगं ए, हे काय बोलून राहिलंय? ऊन लागलं का बघ ह्याला."

दूधवाला म्हणाला, "सर, दूध एकदम चोख हाय." मी म्हणालो, "आय सी युअर पॉइंट, बट पाणी लई हाय." दोन दिवस दूध आलं न्हाई. महिनाभरात अशी गत झाली की मी पारावर टेकलो की बाकीचे उठायचे. पण तयारी? तयारी एक नंबर! बायकोला फोनवर सांगितलं, "आता जगात कुणीही समोर येऊ दे, खोडूनच काढतो."

परीक्षा लातूरला होती, एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मी लग्नातला ब्लेझर चढवला. बटण लागत नव्हतं, पण टायनं झाकून घेतलं. हातात फाईल घेतली. बाहेर खुर्च्या मांडलेल्या, आणि पहिल्याच खुर्चीवर कोण बसलेलं? बिराजदार सर!

बिराजदार सर म्हणजे उमरीच्या शाळेतले आमचे इंग्रजीचे सर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि हातात कायम लिंबाची ओली छडी. आता रिटायर झालेले. मला वाटलं, इंग्रजीचा एवढा जाणकार माणूस इथं आलाय म्हणजे परीक्षक म्हणूनच आला असणार. दुसरं काय वाटणार? आपले सर परीक्षा द्यायला येतील, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का?

मी सरळ जाऊन पाय धरले. "सर, ओळखलं का? उमरीचा, दहावी ब, शेवटचा बाक."

सर गडबडीनं उठून उभे राहिले. माझ्याकडं खालून वर बघितलं. "अरे वा! लई मोठ्या जागेवर पोचलात. अभिमान वाटला!"

मला सर 'अहो-जाहो' करून राहिले! मी विरघळलोच. "सर, आता सगळं तुमच्या हातात हाय."

"छे छे! माझ्या हातात काय? तुमच्याच हातात हाय."

"सर, माझं जरा बघा. थोडं सांभाळून घ्या."

"अहो, असं काय बोलता? तुम्हीच माझं बघा!"

काय हा विनय, मी मनात म्हणालो. मी पळत जाऊन चहा आणला, तर सर कप माझ्याच हातात देऊ लागले. "तुम्ही आधी." "नाही सर, तुम्ही आधी." चहा थंड झाला पण कुणी प्यायला न्हाई.

एवढ्यात आम्हाला दोघांना एकदम आत बोलावलं. दाराशी पुन्हा तेच, तुम्ही आधी, तुम्ही आधी! शेवटी दोघंही खांद्याला खांदा घासत घुसलो. आत टेबलापलीकडं दोन परीक्षक बाई बसलेल्या. अलीकडं दोन रिकाम्या खुर्च्या. मी उभा राहिलो, सर आता पलीकडं जाऊन बसतील म्हणून. सरही उभे, मी पलीकडं जाईन म्हणून!

त्यातल्या एका बाईंनी कागद बघून दोघांची नावं वाचली आणि म्हणाल्या, "कँडिडेट्स, प्लीज सिट डाऊन."

कँडिडेट्स! मी सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं. "म्हणजे तू परीक्षक न्हाईस?" सर पुटपुटले. माझा एका सेकंदात 'तुम्ही'चा 'तू' झाला.

समोर चित्रं ठेवली. विषय होता, मुलांना शिकवायचं कसं? बक्षीस देऊन, खेळातून, का शिक्षा करून? तीन मिनिटं दोघांनी चर्चा करायची.

सरांनी घसा साफ केला आणि फर्ड्या इंग्रजीत म्हणाले, "मुलांना शिक्षा कधीही करू नये. त्यानं काही फायदा होत नाही."

काय?! अहो, ह्या माणसानं लिंबाचं अर्धं झाड माझ्या हातावर मोडलेलं! एवढा सोपा चेंडू कुणाला मिळतो का? 'आय सी युअर पॉइंट, बट...' एवढंच म्हणायचं होतं. पुण्याची नोकरी, बायको, लेक, सगळं त्या एका 'बट'वर टेकलेलं.

मी ताडकन उठून उभा राहिलो. तोंडातून निघालं, "येस सर!"

बाई म्हणाल्या, "यू मे रिमेन सीटेड." मी बसलो.

सरांच्या लक्षात आलं, पोरगं बुडून राहिलंय. बिचाऱ्यांनी माझ्यासाठी बाजूच बदलली. म्हणाले, "पण कधी कधी शिक्षा लागतेच, न्हाई का?"

मी पुन्हा उभा. "येस सर! व्हेरी नेसेसरी, सर!"

मग टेबलाखालून नडगीवर बूट बसला. सर दातओठ खात मराठीत कुजबुजले, "अरे, विरोध कर की, गाढवा!"

"येस सर!"

बाईंनी फाईल तोंडापुढं धरली. फाईल गदगदा हलून राहिली होती.

निकाल लागला. सरांना वरचा दर्जा. आता लातुरात त्यांच्या क्लासच्या बोर्डावर तो झळकतोय, त्यासाठीच परीक्षा दिली होती त्यांनी. आणि मी? जोडीदाराशी चर्चा करता येत नाही, असा शेरा. बायको फोनवर म्हणाली, "सख्ख्या बापाला खोडलंत, दूधवाल्याला खोडलंत, आणि ऐन वेळी काय झालं हो?" मागून लेकीचा आवाज, "बाबा, मग तुम्ही कायमचे कधी येणार?" रडू आलं, खरं सांगतो.

पुण्याच्या शाळेनं दिवाळीपर्यंत मुदत दिलीय. सरांचा निरोप आला, "रविवारी लातूरला ये. तुला मीच तयार करतो." गेलो. वर्गात मी एकटाच. सर म्हणाले, "पहिला धडा. डोळ्याला डोळा भिडव आणि म्हण, 'सर, यू आर राँग.' न भिता म्हण!"

मी उठलो. लेकीचा चेहरा आठवला. छातीत हवा भरून घेतली.

"सर, यू आर... यू आर... राइट!"

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि मी काय केलं असेल? सवयीनं तळहात पुढं केला.