शिडं पुढे, झेंडा मागे

आमचे हे, फत्तेसिंगराव, देवासला जमिनींच्या कचेरीत बत्तीस वर्षं नकाशे काढत होते. टोंकखुर्दपासून हाटपिपल्यापर्यंतचा एकेक बांध त्यांना पाठ. समुद्र मात्र जन्मात पाहिलेला नाही. आणि रिटायर झाल्यावर या माणसानं काय करावं, तर सरबताच्या रिकाम्या बाटलीत मराठ्यांचं लढाऊ जहाज, गुराब, उभं करायला घेतलं. मी म्हटलं, जहाजच करायचंय तर नेमावरला नर्मदेत चालेल असं करा, निदान बसता तरी येईल.

बाटलीत जहाज जातं कसं, हे मला सुद्धा बघून बघूनच कळलं. ते बाहेर तयार करायचं, बोटाएवढं. तिन्ही डोलकाठ्या बुडाशी सैल ठेवायच्या, शिडांसकट आडव्या पाडायच्या आणि जहाज बाटलीच्या तोंडातून आत सरकवायचं. काठ्यांना बांधलेले बारीक दोरे बाहेर लोंबत राहतात. ते ओढले की काठ्या उठतात. मग दोरे चिकटवून कापायचे. एकदा कापले की संपलं, परत काही करता येत नाही.

दुपारी चारच्या उन्हात बाटली धरून हे ओट्यावर बसायचे. आत काचा बसवायच्या लांबीच्या, निळ्या रंगवलेल्या लाटा. समोरची टेकडी, रस्त्यावरचे टेम्पो, वाळत घातलेली माझी लुगडी, सगळं त्या काचेत वाकडं होऊन तरंगायचं. "जमुना, आत हवा चालू आहे बघ," म्हणायचे. मी काम सोडून बघायची आणि खरं सांगते, कधीकधी मला पण ती हवा लागायची. मग तव्यावरची पोळी करपायची आणि मी त्यांच्यावर ओरडायची.

पण त्यांना काळा मोतिया, म्हणजे काचबिंदू, होता. डावा डोळा गेलेलाच, उजव्याचं दिसणं कडेकडेनं आत सरकत होतं. इंदूरच्या डॉक्टरनं सांगितलं, थेंब घालत राहा, वर्षाच्या पुढचं मी काही सांगत नाही. ह्यांना दुसरं काहीच नको होतं. जहाज उभं राहिलेलं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, बस.

चैत्रात दोरे ओढले. त्यांचा भाचा यशराज, जो मालवाहू जहाजावर नोकरीला आहे, सुटीवर आला होता. एकेक करून तिन्ही काठ्या उठल्या, शिडं फुगून उभी राहिली. ह्यांनी कापायला कात्री उचलली, तेवढ्यात यशराज म्हणाला, "मामासाहेब, बुरा मत मानना. झेंडा उलटा लागलाय."

शिडं पुढे फुगलेली आणि भगवा मागे उडत होता. "वारा मागून येतोय ना, मग झेंडा पण पुढेच जाणार," तो म्हणाला. आम्ही झेंडा पाहिलेला दसऱ्याच्या मिरवणुकीत, घोड्यावर नाहीतर जीपवर. तिथे तो मागेच उडतो. अख्ख्या देवासात कोणाला ही चूक दिसली नसती.

"राहू द्या," मी म्हटलं. "कापा दोरे. इथे कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," म्हणाले आणि कात्री खाली ठेवली.

डोकंच फिरलं माझं. डोळा चाललाय आणि हा माणूस उभं जहाज पाडून बाहेर काढतोय. दोन दिवस बोलले नाही मी. काढताना मधली काठी मोडली, शिडं फाटली. पावसाळाभर भिंग लावून पुन्हा सगळं नव्यानं. भाद्रपदात एका सकाळी त्यांनी चहाची बशी टेबलावर म्हणून ठेवली ती थेट जमिनीवर पडली. तेव्हा मला कळलं. उजेड आणि अंधार, एवढंच उरलं होतं.

त्यानंतर हात माझे आणि डोकं त्यांचं. ते बोटानं चाचपून सांगायचे, शीड ढिलं आहे, कस. बाटलीतल्या लाटा मी नव्यानं भरल्या, झेंडा मी चिकटवला, तीनदा विचारून. दिवाळीच्या आधी जहाज आत गेलं. "ओढ. हळू. रहाटाचा दोर नाहीये तो," म्हणाले. काठ्या उठल्या. दोरे मीच कापले.

बाटली मांडीवर घेऊन बसले. "सांग," म्हणाले.

मला कुठे नीट सांगता येतं. तरी सांगितलं. झेंडा पुढे गेलाय. शिडं तिन्ही भरलीत. पाणी तुमच्या वेळेपेक्षा जरा जास्त निळं झालंय, माझ्या हातून. आणि मधली काठी थोडी डावीकडे कललीय. इथे मला खोटं बोलता आलं असतं. नाही बोलवलं.

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

त्यांनी विचार केला. "चालेल. लाट उजवीकडून येतेय."

मला रडू फुटलं. आवाज होऊ दिला नाही, पण त्यांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला, गाल ओले लागले.

"कशाला रडतेस," म्हणाले. "दिसलं मला."