दिवाणामागची भिंत

रिकामी बाटली तिच्या हाती लागली, की ती दहा मिनिटंही रिकामी राहत नसे. तिचा दिवा व्हायचा, नाहीतर फुलदाणी, अगदीच काही सुचलं नाही तर सुतळी गुंडाळून ती खिडकीत उभी राहायची. फुटलेल्या कपांचे तुकडे बाल्कनीच्या कठड्यावर जाऊन बसले, फळांच्या खोक्यांची फडताळं झाली, आईच्या जुन्या चादरींचे पडदे झाले. लहानपणापासून हाताला कायम डिंक, आणि एकदा कामाला बसली की उठायचं नाव नाही, म्हणून वडिलांनी तिला चिकटी म्हणायला सुरुवात केली. खरं नाव मग शाळेच्या दाखल्यावरच राहिलं.

तेविसाव्या वर्षी ती रंगाच्या दुकानात कामाला होती. यंत्रावर रंग मिसळून द्यायचे, हे तिचं काम. गिऱ्हाइकाने उशीचा अभ्रा आणला तरी ती बघता बघता तोच रंग डब्यात उतरवायची. दुकानात नेहमी येणारे रंगारी काका म्हणायचे, "हिच्या डोळ्याला तोड नाही, हात मात्र घाईचा." घाईचा म्हणजे काय ते पुढे कळेलच.

वडील छापखान्यात यंत्र चालवत. निवृत्त झाल्यावर त्यांचा मुक्काम बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर. पाय पसरायचे, डोकं भिंतीला टेकायचं आणि लेकीची टिंगल करायची. "मी जरा वेळ हललो नाही ना," ते आईला सांगत, "तर ही पोरगी मलाही रंग देऊन कोपऱ्यात ठेवील." तिघंही हसायचे. हसण्यासारखंच होतं ते, तेव्हा.

वडिलांना डोक्याला तेल थापायची सवय. हिरवं, औषधी वासाचं, बाटली न्हाणीघरातल्या फळीवर. दिवाणामागे भिंतीवर त्यांचं डोकं टेकायचं तिथे बशीएवढा तेलकट डाग पडला होता. आई रोज ओरडायची. वडील रोज म्हणायचे, "राहू दे गं, भिंतीलाही थंडावा."

एका रविवारी दुपारी आई कुणाकडे तरी गेली होती. चिकटी खिडकीजवळच्या टेबलावर एका चौकटीला आरशाचे तुकडे चिकटवत होती. एकेक तुकडा मिनिटभर दाबून धरायचा, नाहीतर सुटतो. वडील दिवाणावरून म्हणाले, "चिकटे, जरा पाणी दे गं."

"आलेच. एवढा धरते, नाहीतर सुटेल."

तो तुकडा बसला. मग शेजारचा अगदी नेमका मापाचा सापडला, तोही बसवला. मग आणखी एक. असे किती झाले ते तिने पुढे पुष्कळदा मोजलं, कारण चौकट समोर होती आणि तुकडे मोजता येत होते. अकरा. ती पाणी घेऊन गेली तेव्हा वडिलांचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं, डोळे मिटलेले. झोपले वाटतं, असं म्हणून तिने ग्लास स्टुलावर ठेवला, वर बशी झाकली आणि परत टेबलाशी बसली. चार वाजता आई आली, आणि आईनेच ओळखलं.

डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असणार, कुणाला काही करता आलं नसतं. पाण्याचं त्यांना कुणी विचारलं नाही. चिकटीने सगळ्यांना एकच सांगितलं, "मला वाटलं झोपलेत." हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं, आणि तेवढ्या फटीत पोरीचा जीव अडकून बसला. चौकट माळ्यावर गेली. टेबलावर चादर पडली. आठ महिने तिने कशाला हात लावला नाही. जेवताना, पुस्तक वाचताना, दारातून आत येताना डाग दिसायचा. त्या जागी कुणी बसत नव्हतं, पण तिथे कुणी नाही असंही तिला वाटत नव्हतं.

आई मावशीकडे आठ दिवस गेली तेव्हा चिकटीने ठरवलं, आता भिंत रंगवायची. डाग जाईल, घर नवं दिसेल, आईलाही बरं वाटेल. आईचं नाव आपलं सांगायला. तिने स्वतः राखाडी-निळा रंग मिसळला, दिवाण ओढला आणि दोन हात मारले. आई आली, पिशवी हातात धरूनच भिंतीकडे बघत उभी राहिली. "छान झालंय," म्हणाली आणि आत गेली. 

नवव्या दिवशी डाग परत आला. आधी ओलसर सावली, मग गोल, मग तोच बशीएवढा डाग, मध्यभागी गडद. चिकटीच्या हातातला झाडू खाली पडला.

"अगं, रंगाच्या दुकानात काम करतेस की भाजीच्या?" रंगारी काकांनी कपाळाला हात लावला. "तेलावर साधा रंग टिकतो होय? आधी डाग सोड्याने धू, पुट्टी भर, घासून घे, मग ऑइल प्रायमर. आणि मग रंग. तुला हे मी सांगायचं?"

तिला हे सगळं ठाऊक होतं. रोज दहा गिऱ्हाइकांना तीच सांगायची. पण त्या भिंतीवर सोड्याचं फडकं घासायचं म्हणजे त्यांच्या डोक्यावर घासल्यासारखं वाटलं होतं, म्हणून तिने ते टाळलं होतं. आता दात आवळून घासलं. पुट्टी भरली, प्रायमरचे दोन हात दिले, वर रंग. भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

पंधरा दिवस भिंत स्वच्छ राहिली. सोळाव्या दिवशी ती कामावरून आली आणि बाहेरच्या खोलीत तिला हिरव्या तेलाचा वास आला. मनाचे खेळ, म्हणून तिने दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशीही आला. न्हाणीघरातली बाटली अजून फळीवर होती, टाकून द्यायचा धीर कुणाला झाला नव्हता. तेल लेबलच्या खालच्या कडेपर्यंत होतं हे तिला पक्कं आठवत होतं. आता ते कडेच्या बोटभर खाली गेलं होतं.

आणि मग डाग. जुन्या जागी नाही, चार बोटं खाली. तिने टेप लावून दोनदा मोजलं. म्हातारपणी माणूस खचतो, खाली खाली बसत जातो, असा एक विचार तिच्या डोक्यात आला आणि ती टेप तिथेच टाकून उठली. आईला विचारायची तिची छाती होईना. विचारलं असतं तर पाण्याचंही सांगावं लागलं असतं.

"प्रायमर नीट मारलास?" काकांनी विचारलं.

"दोनदा."

"मग खालून येणं शक्य नाही. प्रायमर म्हणजे झाकण. हा डाग बाहेरून पडलाय. कोण बसतं तिथं?"

"कुणीच नाही."

"कुणीतरी बसतंय बघ," काका म्हणाले आणि डबा उचलून निघून गेले. दुकानात दोघंतिघं हसले. चिकटीने हातातला रंग चुकवला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मालकाला डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी निघाली.

दार नुसतं लोटलेलं होतं. ती आत आली आणि उंबऱ्यातच थांबली. दिवाणावर पाय पसरून, भिंतीला डोकं टेकून आई बसली होती. कपड्यांच्या दुकानात विजारी दुमडून शिवायचं काम आटपून ती दोनला घरी येते, हे चिकटीला माहीत होतं. दोन ते सहा ती काय करते, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आईचे केस तेलाने चपचपीत होते.

"आज लवकर?" आईने विचारलं. जागची हलली नाही.

"डाग तू पाडतेस?"

"मी बसते. डाग पडतो."

"पण इथे का बसतेस? त्यांचं तेल लावून?"

आईने खिडकीकडे बोट केलं. "इथून तुझं टेबल दिसतं. मी त्यांना म्हणायचे, पंख्याखाली बसा, भिंत खराब होते. तर म्हणायचे, तिकडून पोरगी दिसत नाही." तिने टेबलाकडे पाहिलं. "आता दिसते ती नुसती चादरच म्हणा."

 चिकटी तिथेच जमिनीवर बसली. "आई, त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं होतं. मी लगेच दिलं नाही. अकरा तुकडे लावले आणि मग गेले."

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"स्टुलावरचा ग्लास मीच उचलला होता," आई म्हणाली. "भरलेला, वर बशी झाकलेली. झोपलेल्या माणसाला कुणी पाणी नेऊन ठेवत नाही, चिकटे. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"राग होता. तू सांगशील म्हणून वाट बघत होते. तू भिंत रंगवलीस."

 चिकटी रडत होती, आवाज न करता. आईने डोकं पुन्हा भिंतीला टेकवलं.

"मला पाणी दे," आई म्हणाली.

चिकटी धडपडत उठली. माठातून ग्लास भरला, काठोकाठ, आणि पळत आली. आईचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं, नेमकं डागावर. डोळे मिटलेले होते. चिकटी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. हातातला ग्लास कलला होता. पाणी मनगटावरून, कोपरावरून खाली सांडत होतं.

आईने डोळे न उघडताच हात पुढे केला. "आण."

ग्लासात अर्धंच उरलं होतं. आईने ते एका घोटात संपवलं आणि रिकामा ग्लास तिच्या हातात दिला.

"अजून आण," ती म्हणाली. चिकटी पुन्हा पाणी आणायला गेली.