त्याच कापडाचा दोरा

जिन्याखालच्या खोलीत बसणारी रफूवाली नवा दोरा कधीच वापरत नसे. शिवणीच्या आत दुमडलेल्या, कुणाच्या नजरेला न पडणाऱ्या कापडातून ती दोरे उसवून काढी आणि त्यांनीच भोक विणी. "दिसलं तर ते रफू कसलं? ते ठिगळ!" असं नाक वर करून सांगे.

माणसंही ती अशीच सांधायची. मंत्र नाही, अंगारा नाही, सुई, चष्मा आणि "हलू नकोस रे, टोचेल!" एवढंच. इस्त्रीवाल्याची मोडलेली झोप तिने सांधली. तेव्हापासून त्याला जांभई येत नाही. पोस्टमनचा खचलेला धीर विणून दिला. त्याची सावली आता गुडघ्यापर्यंतच पडते. दोरा कुठून तरी घ्यावाच लागतो ना!

एका दुपारी रफूवालीची भावजय नवऱ्याला, म्हणजे रफूवालीच्या धाकट्या भावाला, घेऊन आली. डोक्याला मार बसल्यापासून त्याला सगळं आठवत होतं, फक्त पोटची मुलगी सोडून. सहा वर्षांची चिमी, आत्याच्या मांडीवर लोळत वाढलेली, समोर उभी, आणि हा विचारतोय, "बाळ, तुझे आईबाबा कुठेत?"

भावजय रडकुंडीला आली. "ताई, ठिगळ दिसलं तरी चालेल हो. अडखळत का होईना, तिला हाक मारू दे."

"माझ्या हातून ठिगळ? लोक तोंडात शेण घालतील!"

तिने भावाच्या कानामागे बोट फिरवलं, मनगट चाचपलं. आत दुमडलेलं काहीच नाही. गडी पहिल्यापासून सरळसोट. होतं नव्हतं ते सगळं वरच. मग तिला सुचलं, आपण दोघं एकाच ताग्यातली! रंग तंतोतंत जुळेल. पदराआड तिने स्वतःलाच सुई लावली आणि चिमीच्या रंगाचा दोरा ओढू लागली. वीतभर निघाला. हातभर निघाला. विणत गेली तसा निघतच राहिला.

"ताई, पुरे आता."

"थांब गं, कड तशीच सोडू?"

उरलेलं टोक तिने दातांनी तोडलं. भावाने मान वळवली.

"चिमे! उलट्या चपला घातल्यास ना पुन्हा?"

सूर हुबेहूब आत्याचा. डावी भुवईसुद्धा तशीच वर. चिमी हसता हसता थबकली आणि बापाला वळसा घालून आत्याला बिलगली.

रफूवाली भावाच्या कपाळावर चष्मा टेकवून सांधा शोधत होती. कुठेच सापडेना. "बघ, आहे का कुठे जोड?" ती हरखून म्हणाली. मग कमरेला घट्ट धरलेल्या पोरीकडे तिचं लक्ष गेलं.

"गोड आहे गं," ती भावजयीला म्हणाली. "कुणाची?"